रात्री एक वाजता ती कुणाशी बोलते?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. वय एक्केचाळीस, पतसंस्थेत नोकरी. यजमान ट्रान्सपोर्टच्या धंद्यात, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मुलगी नुकतीच दहावीत गेली आहे. क्लाससाठी घेतलेला मोबाईल तिच्याचकडे असतो. एका रात्री एकच्या सुमाराला आई पाणी प्यायला उठली, तर मुलीच्या पांघरुणाखाली उजेड दिसला. दुसऱ्या दिवशी मुलगी आंघोळीला गेली असताना आईने फोन उघडून पाहिला. मन मोकळं करायच्या कुठल्याशा ॲपवर मुलगी तीन महिन्यांपासून एका यंत्राशी गप्पा मारते आहे. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की छाती धडधडते. गणिताच्या पेपरात डोकं रिकामं होतं. जिवाभावाची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली आणि बोलेनाशी झाली. एका ठिकाणी लिहिलंय, 'कधी कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये.' आणखी एका ठिकाणी, 'आईला सांगून उपयोग नाही, ती लगेच उपाय सांगत बसते.'

आई अजून मुलीशी काही बोललेली नाही. वडील म्हणतात, मोबाईल काढून घे, हे सगळं त्यामुळेच. पुण्याची नणंद म्हणते, असू दे गं, निदान कुणाशी तरी बोलते आहे. आई विचारते: ॲप काढून टाकू की राहू देऊ? आणि पोटची पोर मला सोडून मशिनीला सांगते, माझं काय चुकलं? ताजा कलम म्हणून शेवटी आणखी एक प्रश्न आहे: तुमचं उत्तर छापून आलं तर ते तिला दाखवू का?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी त्या एका वाक्याबद्दल मी तुम्हाला वेगळं कळवलं होतं. तेच इथे पुन्हा लिहिते, कारण हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाच्या तरी घरात तसंच वाक्य लिहिलं गेलेलं असू शकतं, आणि त्यांना या उत्तराची वाट बघायला सांगणं बरोबर नाही.

'उठूच नये' हे वाक्य वाचल्यावर ॲपचा प्रश्न बाजूला ठेवायचा. आधी मुलीला विचारायचं, तेही आडून आडून नाही. 'तुला मरून जावंसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' इतक्या सरळ शब्दांत. असं विचारलं तर नसलेला विचार तिच्या डोक्यात शिरेल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक आईबापाला वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी न घाबरता विचारलं याने मूल बऱ्याचदा सैल पडतं. ती 'हो' म्हणाली, तर किती वेळा येतं, कसं करायचं याचा विचार केलाय का, हेही विचारायचं. उत्तर ऐकून पोटात गोळा आला तरी रागवायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. तिला एकटं ठेवायचं नाही, आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे न्यायचं. तुमच्याकडे गोठ्यात नाहीतर माळ्यावर फवारणीचं औषध असणारच. ते कुलपात, आणि किल्ली तुमच्याकडे. घरातल्या झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच.

ती 'तसं नाही गं, नुसता वैताग' म्हणाली, तर विश्वास ठेवा. पण आठवड्याने पुन्हा विचारा. एकदाच विचारून मोकळं होणं हे आपल्या समाधानासाठी असतं.

आता ती झडती. माझ्या मते या सगळ्यात तिला सर्वात जास्त लागणारी गोष्ट हीच असेल, आणि ती तुम्हीच सांगायला हवी. दुसरीकडून कळलं, तर पुढची दोन वर्षं ती तुमच्यासमोर फोनच काय, तोंडही उघडणार नाही. 'मी तुझा फोन बघितला. तुला न विचारता बघितला, ते चुकलं. पण जे वाचलं त्याने मला तुझी काळजी वाटते आहे.' एवढंच सांगा आणि थांबा. 'पण मी आई आहे, मला हक्क आहे' हे शेपूट त्याला जोडू नका. ती रडेल, दार आपटेल. आपटू दे.

माझं काय चुकलं, असं तुम्ही विचारता. या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे. मुलगी यंत्राशी बोलली म्हणजे आईला परकी समजली, असं तुम्ही मानता. मला तसं वाटत नाही. माणसं यंत्रापाशी मोकळी होतात हे फार जुनं आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा एक साधा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तुम्ही जे लिहाल तेच उलटून प्रश्न म्हणून विचारायचं, एवढीच त्याची अक्कल. त्यांच्या सेक्रेटरीने तो घडताना पाहिला होता, आत काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर तिने साहेबांनाच जरा खोलीबाहेर जायला सांगितलं. त्या मानाने तुमची लेक पंधरा वर्षांची आहे आणि आजचं यंत्र कितीतरी पटींनी गोडबोलं आहे.

यंत्रापाशी बोलणं सोपं का जातं, ते तिनेच लिहून ठेवलंय. ती लगेच उपाय सांगत बसते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हे. आपण आया हे करतोच. पोरगी म्हणते, 'गणिताची भीती वाटते.' आपण म्हणतो, 'रोज दहा उदाहरणं सोडव, भीती जाईल.' पोरगी म्हणते, 'प्रिया बोलत नाही माझ्याशी.' आपण म्हणतो, 'जाऊ दे, छप्पन्न मैत्रिणी मिळतील.' उपाय खोटे नसतात. पण उपाय सांगितला की विषय संपतो, आणि तिला विषय संपवायचा नसतो, मांडायचा असतो. यंत्र घाबरत नाही, वडिलांना सांगत नाही, मावशीच्या मुलीशी तुलना करत नाही, ऐकता ऐकता कुकरची शिट्टी मोजत नाही. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. दहा मिनिटं. उपाय न सांगता दहा मिनिटं. करून बघा, घड्याळ लावून. मी माझ्या मुलाच्या बाबतीत पहिल्यांदा केलं तेव्हा चौथ्या मिनिटाला माझ्या तोंडून 'अरे पण' निघालंच होतं.

म्हणजे यंत्र चांगलं, असं मी म्हणते आहे का? थांबा.

तुमच्या मुलीला वर्गात वाचायची भीती वाटते. भीतीचं एक गणित असतं: जितकी टाळाल तितकी वाढते. वाचायची वेळ आली की पोट दुखतं म्हणून घरी राहिलं, त्या दिवशी बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट. ती कमी होते थोडं थोडं सामोरं जाऊनच. आधी घरात तुमच्यासमोर मोठ्याने वाचायचं, मग एका मैत्रिणीसमोर, मग वर्गात जागेवर बसून दोन ओळी. यातली तिसरी पायरी कुठलंही ॲप देऊ शकत नाही, कारण ती पायरी वर्गात आहे आणि मराठीच्या बाईंच्या हातात आहे. यंत्र रात्री एकला समजूत घालतं, सकाळी शाळा तशीच असते. शिवाय ही बोलकी यंत्रं बरीचशी होयबा असतात. 'सगळे माझा तिरस्कार करतात' असं लिहिलं तर 'तुला किती वाईट वाटत असेल' म्हणतात. 'सगळे म्हणजे कोण गं? कालच तर शेजारची सायली डबा खायला बोलवत होती' असं म्हणायला तिचं जग माहीत असलेला माणूस लागतो.

यजमानांचं म्हणणंही तपासून घेऊ. मोबाईलमुळेच, असं ते म्हणतात. रात्री एकपर्यंत जागरण मोबाईलमुळे, हे खरं. ते थांबायला हवं, त्यावर पुढे येते. पण मैत्रीण तुटली ती मोबाईलने नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गात चार-पाच जण. तुमची मुलगी त्यांच्यातली आहे की नाही हे पत्रावरून मी सांगू शकत नाही, सांगूही नये. पण वर्गात ती एकटी नाही, हे तिच्या वडिलांना जरूर सांगा. फोन हिसकावून घेतला, तर तीन महिने जिथे ती बोलत होती ती एकमेव जागा जाईल आणि बोलल्याची शिक्षा झाली एवढंच तिला कळेल.

नणंदेचं 'असू दे' मात्र मला अर्धंच पटतं. का, ते सांगते.

गोव्यात संगाथ नावाची संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या लोकांनी दिल्लीतल्या सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या २५१ मुलांवर एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना अडचण सोडवायची रीत चित्रकथांच्या पुस्तिकांतून दिली. बाकीच्यांना त्याच पुस्तिका, आणि सोबत एक समुपदेशक. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार समुपदेशकाच्या गटात जास्त हलका झाला होता. एकूण लक्षणांमध्ये मात्र दोन गटांत ठळक फरक नव्हता. म्हणजे जादू कुठेच झाली नाही, पण जवळ माणूस असल्याने फरक पडला. याच लोकांनी पुढे तीच रीत मोबाईलवरच्या खेळात बसवली, 'पॉड ॲडव्हेंचर्स' नावाने. गोष्टीतल्या मुलामुलींच्या अडचणी सोडवता सोडवता मूल स्वतःच्या अडचणीवर येतं: अडचण नेमकी कोणती, पर्याय काय काय, त्यातला एक निवडून करून बघ. गोव्यातल्या शाळांमध्ये हा खेळ मुलांना दिला तोही समुपदेशकाच्या सोबतीने. ज्यांनी ॲप बनवलं, त्यांनीच मुलांना त्याच्याबरोबर एकटं सोडलं नाही. तुमच्या मुलीच्या ॲपजवळ कोण बसलंय? सध्या कुणीच नाही.

म्हणून ॲप काढू नका, पण तिच्याबरोबर बसून एकदा बघा. तिच्या गप्पा वाचायला नाही. त्या तिच्याच. 'हे कसं चालतं, मला दाखवशील?' म्हणून. मी काय बघीन ते सांगते. एक तर ते किती वयाच्या मुलांसाठी आहे. यातली कितीतरी ॲप्स मोठ्यांसाठी बनवलेली असतात आणि मुलं जन्मसाल बदलून आत शिरतात. दुसरं, ते स्वतःला काय म्हणवतं. श्वासाचे व्यायाम, झोपेची नोंद, मनातले विचार लिहून तपासायची वही, असलं काही देणारं ॲप वेगळं. 'मी तुझी मैत्रीण आहे, मला सोडून जाऊ नकोस' म्हणणारं वेगळं. हे दुसरं असेल तर ते बंद करण्याच्या बाजूने मी आहे, मुलीशी बोलून. तिसरं, जिवाचं बरंवाईट करायची भाषा कुणी लिहिली तर ते ताबडतोब हेल्पलाइनचा नंबर देतं का. इथे आपली भाषा घोटाळा करते. आपण दिवसातून दहादा 'मेले गं बाई' म्हणतो आणि काही नसतं. आणि खरंच जीव नकोसा झालेलं पोर 'काही नाही, कंटाळा आलाय' एवढंच म्हणतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीतला हा फरक यंत्राला दर वेळी कळेल, यावर मी विसंबणार नाही. तुमच्या मुलीने 'उठूच नये' लिहिल्यावर त्या ॲपने काय उत्तर दिलं, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तेवढं तिला विचारा.

आणि गुपिताचं. तिला वाटतं, हे यंत्र कुणाला सांगत नाही. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनाच्या कंपनीवर ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप झाला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लागले. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. कायदा आहे, पण तो मध्यरात्री पांघरुणाखाली येऊन बसत नाही. खरं नाव, शाळेचं नाव, गाव, फोटो, मैत्रिणींची नावं यातलं काही तिथे लिहायचं नाही, एवढी एक सवय तिला लावली तरी पुष्कळ झालं.

रात्रीचं म्हणत होते. रात्री दहानंतर फोन झोपायच्या खोलीत नको. पण हा नियम तिच्या एकटीवर बसवलात तर ती शिक्षा होईल. स्वयंपाकघरात ओट्यापाशी सगळ्यांचेच फोन चार्जिंगला लागू देत, बाबा घरी असतील त्या दिवशी बाबांचाही. यजमान कुरकुर करतील, मला अंदाज आहे. आणि झोप आलीच नाही, मनात फार काही आलं, तर आईला उठवायचं, कितीही वाजले तरी, हे तिला सांगून ठेवा. तिने उठवलंच, तर 'किती वाजले बघ' हे तोंडातून निघता कामा नये.

आता माणूस कुठून आणायचा. शाळेपासून सुरुवात करा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि हेल्पलाइनचे नंबर ठळक अक्षरांत लावावेत, असं त्यात आहे. तुमच्या शाळेत समुपदेशक नसेलच, असं मी धरून चालते. तरी मुख्याध्यापकांना विचारा, एकट्या नको, दोन-तीन पालक मिळून. मुलीचं नाव काढायची गरज नाही. आणि मराठीच्या बाईंना वेगळं भेटून इतकंच सांगा की तिला अचानक उभं करू नका, आदल्या दिवशी उतारा सांगा, सुरुवातीला बसून वाचू द्या. हे करण्यापूर्वी मुलीला विचारा. तिच्या पाठीमागे आणखी एक गोष्ट नको.

फोन हाच मार्ग तिला सोपा वाटत असेल, तर त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला माणूस असू दे. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. पालकही तिथे बोलू शकतात. ताई, पहिला फोन तुम्ही करा, स्वतःसाठी. तीन आठवडे हे पोटात घेऊन पतसंस्थेत पावत्या फाडताय, तुम्हालाही कुणाशी तरी बोलायला हवं. शिवाय आईने फोन केला, तिला काही झालं नाही, हे मुलगी बघेल. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइनही आहे. समक्ष भेटायचं तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांचं क्लिनिक कोणत्या वारी असतं, ते चौकशी करून ठेवा. छातीची धडधड, झोप न लागणं, भूक मरणं दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, किंवा शाळा बुडायला लागली, तर दहावी होऊ दे मग बघू, असं करू नका. दहावी दर वर्षी असते.

ताजा कलमाबद्दल. हे उत्तर तिला दाखवा, पण फोन वाचल्याचं सांगून झाल्यावर, आधी नाही. ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत, तरी ती स्वतःला ओळखेलच, आणि आईने सगळ्या जगाला सांगितलं म्हणून चिडेलही. त्यावर वाद घालू नका, तिचं खरं आहे. तिला म्हणावं, तुझी बाजू वेगळी असेल तर या बाईंना तू स्वतः लिही, मराठीत, इंग्रजी अक्षरांत, कसंही. उत्तर तिच्या नावाने येईल. ते पाकीट तुम्ही फोडायचं नाही.